चार कॉम्प्युटरांत चढलेलं एक खोटं

...नाही, मी काय म्हनतो, माणसानं जन्मात एकदा खोटं बोलू नये का? एकदा! बरं, जन्मात म्हनजे... त्या साली एकदा. हसू नका बाप्पाहो! मी दवाखान्याच्या या खाटेवर तीन दिवसांपासून पडून आहो, टाके ओढून राह्यले, पोटात कावळे ओरडून राह्यले, अन् तुमी मले भेटाले आले का हसाले आले? बसा. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय गेलेला हाये. इकडं खाटेवर टेका. हं.

तुमाले सांगतो, सगळं झालं त्या पराटीच्या खुटापासून. दोन वर्सं झाले असतीन. कापूस येचून झालता, मी वावरात पराटी उपटून राह्यलो, अन् मागं सरलो त एक खुट चप्पल फाडून टाचेत! अन् त्याच दिवशी आपल्या शाळेत आरोग्य शिबिर. आता आपल्या गावची आशा-कार्यकर्ती विमलताई, तुमाले माहीतच हाये, थे बाई एखाद्याच्या मागं लागली का यमही रस्ता बदलते. तिनं मले तसंच लंगडत नेलं. "देवरावभाऊ, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, नाई त वाकडे होऊन मरसान!"

आता इंजेक्शन म्हनलं का मले घाम सुटते, लहानपणापासून. गोऱ्ह्याले वेसण मी घालतो, साप निघाला त लोक मले बोलावते, पण सुई? नाही! नर्सबाईनं सुई भरली, हवेत एक पिचकारी उडवली, अन् मी दाराकडं सरकलो. अन् बाजूले बसली होती टॅब घेऊन एक पोरगी. यवतमाळची, मैत्रेयी तिचं नाव, गोड पोरगी, पण तिच्या बोटात काय भरलं होतं देव जाने! ते म्हने, "काका, कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" मी म्हनलं, ते काय असते? "म्हणजे एखाद्या औषधानं त्रास होते का?"

अन् तुमाले सांगतो, माह्या डोक्यात लखकन उजेड पडला! म्हनलं, "होते ना! सुईचाच होते!" कोणत्या सुईचा? "सगळ्या सुयांचा!" काय होते? आता खोटं बोलाचं त कंजुषी कायले? म्हनलं, "डोये पांढरे होते, तोंडाले फेस येते, मांगच्या टायमाले दोन दिवस बेसुद होतो, लोकायनं लाकडं आनून ठेवलते." विमलताई माह्याकडं पाहूनच राह्यली! अन् ते पोरगी टकटक, टकटक, लाकडासकट सगळं लिहून राह्यली. मंग म्हने, "काका, नक्की ना? हे ब्लॉकचेनवर जाते. एकदा चढलं का चढलं. उतरत नाही."

म्हनलं, चढव माय, चढव! नर्सबाईनं सुई ठेवून देल्ली, टाच धुतली, पट्टी बांधली, गोळ्या देल्ल्या. मी घरी येऊन भजे खाल्ले. एवढा खुश त मी लग्नातही नवतो.

आता यंदा काय झालं, सोयाबीनचं पोतं उचललं अन् जांघेत कायतरी सरकलं. हर्निया! पयले गाठ दाबली का आत जाये, मंग जाईच ना. इथं आलो, लोहाऱ्याकडच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात. डॉक्टर प्रेमसिंग राठोड, भला माणूस, हात लावून पाह्यला अन् तोंड पाडलं. "देवराव, आतडं अडकलं तर जीवावर बेतेल. आठ दिवसांत कापायला पाहिजे." म्हनलं कापा. मी मशीनवर अंगठा लावला, अन् त्या स्क्रीनवर एक लाल पट्टी आली... बाप्पा रे, अशी लाल! डॉक्टर मागंच सरले. "अहो, तुम्हाला सुई चालत नाही? पाठीत सुई दिल्याशिवाय मी कापू कसा?"

मी, हा मी, जो सुई पाह्यली का पयत सुटतो, मी हात जोडून म्हनतो, "साहेब, द्या ना सुई! एक कायले, दहा द्या!" थे म्हनते, लाकडं आनून ठेवलती असं लिहिलंय. म्हनलं साहेब, थे खोटं होतं. थे म्हनते, "खोटं होतं हे कशावरून खरं?"

आता खोट्याचा पुरावा कुठून आनू? सांगा ना!

मंग मी डोकं लावलं. म्हनलं, महागावले माह्या सायाचं, घरचीच्या भावाचं, घर हाये, तिकडं आपल्याले कोन ओळखते? गेलतो, गाठ धरून, एसटीत उभ्यानं. तिथल्या दवाखान्यात अंगठा लावला... लाल पट्टी! येतानी बाभुळगावले उतरलो. अंगठा लावला. लाल पट्टी! मी घरी पोहोचाच्या आधी माह्यं खोटं तालुके फिरून बसलं होतं.

शेवटी थेच मैत्रेयी भेटली, इथंच बसते ते आता, खाली नऊ नंबरच्या खिडकीत. म्हनलं, पोरी, तूच चढवलं, तूच उतरव. ते म्हने, "काका, नसते ना होत तसं! वहीत खोडता येते, इथं खोडताच येत नाही. तुमची नोंद चार ठिकाणी आहे. यवतमाळ, लोहारा, बाभुळगाव, महागाव. एका कॉम्प्युटरमध्ये कोणी बदलली तर बाकीचे तीन म्हणतात, हे खोटं आहे! म्हणून कोणी फसवू शकत नाही." म्हनलं, कोणी फसवू नाही शकत, मी फसवलं ना वं त्यायले! ते म्हने, "तुम्ही आधी फसवलं काका, मग चढवलं. आत काय चढवता ते कॉम्प्युटरला कुठं कळते? एकदा चढलं का चढलं."

म्हनजे पाहा, आपल्या गावासारखंच झालं. पारावर एक शब्द बोला, चार ओट्यावर चार नकला. पण गावात निदान पोळ्यापर्यंत लोक इसरते त! हे इसरतच नाही.

बरं, तोड एकच. जुनं खोडता येत नाही, त्याच्या मागं नवीन कडी जोडाची. माह्या कबुलीची. म्हनलं जोड! इकडं गाठ दगडासारखी झाली, उलट्या सुरू झाल्या, घरची रडून राह्यली, कोन वाचते काय लिहिलं थे? लावला अंगठा. मंग म्हनलं, वाचून त दाखव. तिनं वाचलं, "सदर रुग्णाने आपल्या प्रकृतीबाबत जाणीवपूर्वक खोटी माहिती दिल्याचे मान्य केले आहे. यापुढे रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये."

म्हनलं, हे मागचं वाक्य कोनं सांगतलं? मी त नाई सांगतलं! "ते आपोआप येते काका." मंग काढ ना थे! अन् ते पोरगी... तिच्याही डोयात पाणी आलं बाप्पा, खोटं नाई सांगत... ते म्हने, "काका, एकदा चढलं का..." चढलं! समजलं मले! चढलं!

पण लाल पट्टी गेली, पिवळी आली, डॉक्टरनं आधी हातावर जराशी सुई टोचून पाह्यली, काही नाही झालं, मंग घेतलं टेबलावर. पाठीत सुई देल्ली. मी ओरडलो नाही. खरंच नाही ओरडलो! थोडासा ओरडलो. कमरेखाली सगळं गेलं, पाय माह्ये का शेजाऱ्याचे समजे ना. डॉक्टर इचारते, "चिमटा काढतोय, कळतंय का?" म्हनलं, नाई साहेब, सुन्न झालं. त्यायनं स्क्रीनकडं पाह्यलं. अजून एक चिमटा. "आता?" नाई. स्क्रीनकडं पाह्यलं. चिमटा! बावीस चिमटे काढले बाप्पाहो, मी मोजले! हे मांडी पाहा, जांभूळ झाली.

पण जीव वाचवला मानसानं. थे मी मान्य करतो. आतडं काळं पडत आलतं म्हने, अजून एक दिवस गेला असता त तुमी इथं खाटेवर नाही, माह्या घरी सतरंजीवर बसले असते. तवा माह्या खोट्यानं माह्या पोरीचा बाप जात होता.

पण तुमाले खरी गंमत, म्हनजे खरी बोंब, त पुढंच हाये. आतडं दाबलं गेलतं म्हनून वारा सरल्याशिवाय खायाले देत नाही. वारा समजते ना? वारा! थोच! अन् माहा, तुमाले काय सांगू, काल सकाळपासून सरून राह्यला. पयला सरला त मले देवदर्शन झाल्यासारखं वाटलं! डॉक्टर आले. "देवराव, वारा सरला का?" म्हनलं, हाव साहेब! सरला! त्यायनं स्क्रीन पाह्यला. नर्सबाईनं स्क्रीन पाह्यला. दोघायनं एकमेकाले पाह्यलं. "कोणी ऐकला का?"

आता सांगा! साक्षीदार! याचा साक्षीदार! लोक लग्नाले साक्षीदार आनते, खरेदीले आनते, अन् मी कायले आनू? बाजूच्या खाटेवरचे नानाजी कानानं बहिरे. राह्यली घरची. तुळसा नेमकी खाली चहा प्याले गेलती. आली. डॉक्टरनं इचारलं, "ताई, हे म्हणतात वारा सरला, खरं का?" माणसाची जन्माची जोडीदारीन, हाव म्हनून द्याव का नाही? अन् मी दोन दिवसांचा उपाशी! ते म्हने, "त्यायचं कायचं खरं धरता डॉक्टरसाहेब?" अन् मंग तिनं स्क्रीन वाचला. बोट ठेवून, हळूहळू, अक्षर अक्षर... "सांगण्यावर विसंबू नये". तुमाले सांगतो, त्या बाईच्या तोंडावर असा उजेड मी एकतीस वर्सांत नाही पाह्यला. म्हने, "मी एवढे वर्सं बोंबलून राह्यली, माहेरचे आयके ना, सासरचे आयके ना. चार तालुक्यायनं मानलं माय!" अन् खाली जाऊन मैत्रेयीले म्हने, याचा कागद निघते का, काचेत बसवाचा हाये.

आज सकाळी मंग मी पुन्हा डोकं लावलं. म्हनलं, देवराव, तू खरं बोलला का थे खोटं समजते. मंग खोटं बोल! उलटं बोल! म्हनजे थे खरं समजतीन अन् खायाले देतीन, घरी सोडतीन. बरोबर का नाही? डॉक्टर आले. मी कण्हलो. म्हनलं, "साहेब, वारा नाई सरला. पोट फुगलं. लै दुखून राह्यलं."

डॉक्टरनं स्क्रीन पाह्यलाच नाही! पोटावर हात ठेवला, कपाळाले आठ्या, म्हने, "मला शंका होतीच." अजून दोन दिवस उपाशी, नाकात नळी, अन् दर सहा घंट्याले एक सुई. लगेच मैत्रेयीले फोन करून चढवलंही.

थे पाहा, येऊन राह्यली नर्सबाई ट्रे घेऊन. सरका जरा, हात मोकळा करू द्या मले... तीन दिवसांत खरं बोलून बोलून थकलो बाप्पाहो, एकच खोटं बोललो, अन् तेवढंच त्यायनं खरं धरलं.