गाठ विहिणीच्या हातची

कुंदा : खोकं रिकामं आहे, रूपसिंगभाऊ.

रूपसिंग : हाये ना बाई. म्हनूनच तं माफी मागाले लिंबं आनले.

कुंदा : लिंबांचं राहू द्या. दिवाळीच्या सुट्टीत अठरा कोष तुमच्या तांड्यावर विश्वासानं ठेवून गेले होते मी. काळी फुलपाखरं किती निघाली, लाल ठिपक्यांची किती, हे नागपूरला माझ्या सरांना कळवायचं होतं. एकसष्ट सालच्या वहीत आता काय लिहू? पुन्हा काही गंमत केलीत का?

रूपसिंग : केली. पन तुमची नाई, इहिनीची. तुमच्या तं पाया पडाले आलो.

कुंदा : कोणती विहीण?

रूपसिंग : धनीबाई. आमच्या जमनीची सासू. जमनीले पोरगी झाली ना, घाऱ्या डोळ्याची. इहीन म्हने, आमच्या घरात असे डोळे कोनाचेच नाई, हे पोरगी आमची नाई. जमनीले माहेरीच ठेवली. मंग आमच्या नायकापुढं पंचायतीची बसक लावाले तांड्यावर आली, तं नायक गेलता पांढरकवड्याले. आठ दिवस इहीन तांड्यातच.

कुंदा : मला काहीच बोलला नाहीत.

रूपसिंग : काय बोलू बाई? पोरीची अब्रू. जमनी भाकरीले हात लावत नोती. मंग मले तुमचं बोलनं आठोलं. या पाखरायच्या मायबापाले तुम्ही काचेखाली टोचून ठेवलं ना, दोघंबी काळे. अन् म्हनलं होतं, पोरीत काही लाल ठिपक्याच्या निघतीन.

कुंदा : निघू शकतात, म्हटलं होतं. ठिपक्यांचा गुण बापाच्या अंगात असतो, पण नराच्या पंखावर कधी दिसत नाही. लेकीच्या पंखावर दिसतो.

रूपसिंग : तेच. इहिनीले मी ते मायबाप दाखवले, कोष मोजून देल्ले. म्हनलं, राखन करा, तांड्यात एक बदमाश हाये, दुसरे पाखरं आत सोडते.

कुंदा : कोण बदमाश?

रूपसिंग : मीच. सारा तांडा जानते. इहीन तं जास्तच जानते, लग्नात तिच्या विड्यात मिरचीचं बी टाकलं होतं ना मी. तिनं खोक्याच्या जाळीले सोताच्या हातानं गाठ मारली अन् खाट टाकून बसली. दोन टाइम गुळाचं पानी जाळीवर शिंपडे. मले दहा हात दूर.

कुंदा : मग?

रूपसिंग : निघाले बाई एकेक. आधी काळे, मंग लालवाले. नायक आला, बसक भरली. सगळ्यायसमोर मी इहिनीलेच इचारलं, हे लालवाले बाहेरून आले काय. भडकली ना. म्हने, गाठ माझ्या हातची हाये, माशी आत गेली नाई, याच मायबापाचे हायेत हे. अन् बोलता बोलता थांबली.

कुंदा : कळलं तिला.

रूपसिंग : कळलं ना. तिनं नातीच्या डोळ्यायत पाहलं. मंग म्हने, माझ्या सासूचे डोळे घारे होते. कोनी इचारलंबी नोतं.

(कुंदा चष्मा काढून पदराला पुसते.)

कुंदा : पण डोळ्यांचं थोडं वेगळं असतं, भाऊ. घारेपण बहुतेक दोन्हीकडून यावं लागतं. तुमच्याही घराण्यात कोणाचे तरी असतील.

रूपसिंग : हे इहिनीले सांगू नका. सध्या तिले एकटीलेच मान घेऊ द्या.

कुंदा : जमनी गेली?

रूपसिंग : परवा. इहिनीनं सोता गाडीत बसवली. निंघताना गाठ सोडली अन् सगळे उडवून देल्ले. मी आडवा गेलतो. म्हने, लेक घरी चालली, यायले कायले कोंडून ठेवता.

कुंदा : बरं केलं. माझी मोजणी गेली, जाऊ द्या.

रूपसिंग : जाते कुठं? हे घ्या.

कुंदा : टोपरं?

रूपसिंग : तिले लिहिता येत नाई. राखनीले बसली तवा हाती सुई होती. काळं निघालं का एक कवडी टाके, लालवालं निघालं का लाल मनी. त्याच कपड्याचं नातीले टोपरं शिवलं. मी मागून आनलं. लिहून घ्या अन् वापस द्या, पोरीचं डोकं उघडं हाये.

कुंदा : कवड्या तेरा. लाल मणी पाच. बरोबर अठरा. आभार तर मीच मानायचे, भाऊ. आणि हा मधाच्या रंगाचा काचमणी?

रूपसिंग : ते नात. इहीन म्हने, मोजनीत धरा.

कुंदा : धरते. एकूण एकोणीस.