सापाला उशी लागते तेव्हा

मी मूळची कोरेगावची, साताऱ्याजवळची, आणि जन्मापासून दम्याची. काय सांगू तुम्हाला, लहानपणी माझी छाती अशी वाजायची की शेजारच्या काकू म्हणायच्या, हिच्या लग्नात सनईवाला सांगायला नको. आई मला पाठीशी उशा लावून बसवूनच झोपवायची, तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकायची, आणि मग पाठीला कान लावून ऐकत राहायची. हे उगाच सांगत नाहीये, पुढे लागणार आहे.

लग्न होऊन इथे सिंगापूरला आले. नवरा आंग मो किओला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत, फ्लॅट बुकित बातोकला, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला घर खायला उठलं. एका प्राणिसंग्रहालयात मदतनीस हव्या होत्या. मला वाटलं पक्षी देतील, दिले साप. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, अगं बाई, मग नागपंचमीला तुला सुट्टी की जास्तीचं काम?

शिकवलं मला तिथल्या सगळ्यात जुन्या मदतनीसाने, लिम अंकलनी. बोलणं कमी, हात सावकाश. इथे घरात साप पाळायला बंदी आहे, तरी लोक पाळतात, खोक्यात नाहीतर कपाटात, आणि स्वतःला उकडतं म्हणून वरून एसी. पकडले गेले की ते साप आमच्याकडे येतात, बरेचदा छाती भरूनच. अंकल म्हणायचे, सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही, आत साचलं की साचलं, म्हणून बघायचं काम आपलं.

अशीच आमची शालू आली, बॉल पायथन, आफ्रिकेकडचा गरीब स्वभावाचा अजगर, घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. अंगावर सोनेरी बुट्टे, म्हणून मी नाव ठेवलं शालू. ही मात्र आली तेव्हा ठणठणीत होती, आणि दिसायला देखणी, तिथेच घोळ झाला. आमच्याकडे नव्या दालनाचं उद्घाटन निघालं. पाहुण्यांच्या पदाचं नाव त्यांच्या गाडीपेक्षा लांब होतं, आणि ठरलं की शालू त्यांच्या गळ्यात घालून फोटो काढायचा. कोटवाल्यांना घाम येऊ नये म्हणून दालन आधीपासूनच एसीने गारठवलेलं, आणि शालूची पेटी शोभेसाठी तिथेच नेऊन ठेवलेली.

उद्घाटनाच्या सकाळी मी गेले तर शालू काचेला टेकून डोकं वर धरून बसलेली. जवळ गेले, बारीक शिटी. मॅनेजरबाई म्हणाल्या, कात टाकायला आली असेल, नाकात कातडी अडकली की वाजतं. ते खोटं नाही हो, वाजतंच. पण कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ होतात आणि शालूचे स्वच्छ होते. तोंड किंचित उघडं, नाकपुडीशी बुडबुडा, एक फुटला की दुसरा. अंकल म्हणाले, कात नाही, फुप्फुस. बाई म्हणाल्या, पाच मिनिटांचा तर फोटो आहे, मग न्या डॉक्टरकडे.

मी म्हटलं, मॅडम, ती ऐटीत नाही बसलेली, आडवं झालं की श्वास कोंडतो तिचा, ती उशी शोधतेय, मी आयुष्यभर अशीच झोपलेय. या थंडीत माणसांच्या गळ्यात फिरली तर आजच जाईल. बाई पेटीपाशी आल्या. खाली बसल्या, काचेला तोंड लावून बराच वेळ तो बुडबुडा बघत राहिल्या, आणि उठून म्हणाल्या, गो, टेक हर, पाहुण्यांचं मी बघते. देव त्यांचं भलं करो. फोटो शेवटी कासवाबरोबर निघाला. भाषण संपेपर्यंत त्याने डोकं बाहेर काढलं नाही. शहाणं जनावर.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, न्यूमोनिया निघाला. मग वेगळी पेटी, त्यात एका बाजूला बेताची ऊब, डॉक्टरांची इंजेक्शनं, औषधाची वाफ. मी हळूच विचारलं, ओव्याची पुरचुंडी आणू का? अंकल त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाले, ओवा तू खा लाह, तिला डॉक्टर बघू दे. घरी मुलगीही तशाच इथल्या इंग्रजीत म्हणे, आई, साप ऑल्सो गॉट अस्थमा, मेह? पण रोज शाळेतून आली की पहिला प्रश्न शालूचाच.

शालू कितीतरी दिवस तशीच टेकलेली. खाणं नाही, हलणं नाही. मी रोज जायचे ती धास्तावूनच. आणि एका सकाळी बघते तर बाईसाहेब वेटोळं घालून, डोकं स्वतःच्याच अंगावर ठेवून आडव्या. मी पेटीला कान लावला, काही नाही. अंकलना हाक मारली, त्यांनी लावला, काही नाही. दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

आता अंकल रिटायर झालेत. रविवारी कधी आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, भेटतो, कॉफी येण्याआधी त्यांचा एकच प्रश्न, कशी आहे? मी म्हणते, काही ऐकू येत नाही. ते म्हणतात, गुड. मला आईने असंच कान लावून जगवलं, इथे येऊन तोच कान कामी आला, आणि काय हवं? तुम्हालाही हाच आशीर्वाद देते बघा, तुमचा श्वास तुम्हाला कधी ऐकू येऊ नये.