उकळलेल्या बटाट्याचं पाणी

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं हे त्याला बरोबर कळतं. माणसांचं तसं नसतं, हे डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर समजलं. शेजारी दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. आत यंत्राला जोडलेला माणूस एकीचा भाऊ, दुसरीचा नवरा.

“वन्सं, यांचं पोटॅशियम पुन्हा वाढलंय. असंच वाढत राहिलं तर हृदय बंद पडेल म्हणाले डॉक्टर.”

“मग पथ्य नीट कर.”

“आणखी काय करू? ऑफिसला निघायच्या आधी बटाटे चिरून उकळून ठेवते. उकळले की पेशींचे पडदे फाटतात, आतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं.”

“तेच म्हणते मी. सगळं सत्त्व पाण्यात उतरतं.”

“म्हणून तर ते पाणी मोरीत ओता म्हणून सांगून जाते.”

“हं.”

“ओतता ना?”

“सत्त्व कुणी मोरीत ओततं का गं? मिरपूड टाकून सूप देते त्याला. मीठ मात्र घालत नाही हो. पथ्य म्हणजे पथ्य.”

“रोज?”

“रोज दुपारी. मिटक्या मारत पितो बिचारा.”

“आणि बटाटे?”

“त्या चोथ्याला तो तोंड लावत नाही. टाकवत नाहीत, म्हणून मीच गिळते.”

भावजयीने नवऱ्याचा रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“वन्सं, परवा तुमचंही रक्त तपासलं ना? काय आलं?”

“सगळं उत्तम. पोटॅशियमसुद्धा.”