तालान्तचे फोटो कुठले?

मी चोरून ऐकत नाही, पण किर्गिझस्तानातल्या आमच्या ओश शहरात, दवाखान्यात पुढ्यातच सासू-सून बोलत असल्या तर कान काय घरी ठेवू? सासूचा मुलगा तालान्त रशियात मजुरीला. त्याचे फोटो आपोआप घरच्या फोनात यायचे.

"आयपेरी, मॉस्को टाकून शोध."

"टाकलं, आई. मार्चपर्यंतचेच निघतात."

"मग तारखेनं शोध. फोन आहे की दगड?"

"गेल्या सोमवारचा एक आहे. नुसती चिखलाची वाट. त्यानंतर एकही नाही."

"जागा कुठली दाखवतोय?"

"रशियाच्या सरहद्दीपलीकडची. लढाई चाललीय तिथली."

"खोटं! तालान्त भिंती रंगवतो."

"तो तसं सांगतो, आई."

"घाबरवू नकोस. निघताना त्यानं रिवाजाप्रमाणे नानचा एक घास खाऊन उरलेला नान भिंतीवर टांगलाय, परत येऊन संपवायला."

"नानचा तो पहिला घास मी खाल्ला होता, आई. तालान्त घाईत विसरला, आणि अख्खा नान बघून तुम्ही रडल्या असत्या."