आंघोळीचं पाणी

गंगाखेडच्या बसस्थानकात भागवत डोळे मिटून बसला होता. शेजारच्या बाकावर एक आजोबा आणि आयटीआयला शिकणारी त्यांची नात बोलत होती, ते नको म्हटलं तरी त्याच्या कानावर पडत होतं.

“आज्जा, दोनशेवीस व्होल्टला आपला पाण्याचा रॉड पाच अँपिअर घेतोय. भागलं की रेझिस्टन्स चव्वेचाळीस ओहम, गुणलं की पावर अकराशे वॅट.”

“बरं.”

“पर पहाटं समद्यांच्या मोटारी चालू झाल्या की एकशेदहाच व्होल्ट येतंय. मीटर लावून बघितलं म्या.”

“मग रॉड अर्धं काम करील.”

“न्हाई, पाव. रेझिस्टन्स तेवढाच ऱ्हातोय, म्हणून अँपिअर बी अडीचवर येतोय. गुणा की, पावणेतीनशे वॅट.”

“म्हंजी अर्ध्या तासाच्या पाण्याला...”

“दोन तास. तुमच्यासारखंच काकूला बी अर्धं वाटलं. ती तासभर आधी लावायची.”

“आंघोळीबिगर लिंगपूजा न्हाई, पूजेबिगर घोटभर पाणी न्हाई. लय तरास व्हायचा मला. आळशी म्हणलो तिला, चार माणसांत.”

“म्हणून तर ताडकळसला माहेरी जाऊन बसली ती.”

भागवतनं डोळे उघडले.

“आज्जा, आपल्या गावची गाडी लागली. उठा.”

“जाऊ दे ती. ताडकळसची कवा हाय, इचारून ये.”