वालातली सीडी

कर्जतच्या फोटो स्टुडिओत अक्षदा झेरॉक्ससाठी थांबली होती. तिच्या पुढे एक म्हातारी स्टुडिओवाल्याशी बोलत होती.

"मुनव्वर, माज्या रंजनाच्या लग्नाची ही सीडी मोबाईलवर घालून दे."

"एकच आणलीत, मावशी? मी दोन दिल्या होत्या."

"दुसरी रिकामी निघाली. वालाच्या शेतात टांगलीय, पाखरं हाकायला."

"रिकामी नव्हती ती! मायनसच्या कोऱ्या डीव्हीडी संपल्या म्हणून मी दुसरी प्लसवर भरली. तुमच्या मशिनला मायनसच चालत असणार."

"प्लस न् मायनस काय रं?"

"तेव्हा कंपन्यांचं भांडण होतं. डीव्हीडीच्या दोन जाती काढल्या, एका जातीची दुसरीच्या मशिनात लागायची नाय."

"काय व्हतं तिच्यात?"

"पाठवणी. काका मांडवाच्या खांबाआड रडत होते, ते सगळं."

"आमचे मालक? रडले?"

"हमसून हमसून. कॅमेरा माझ्याच हातात होता."

"ते मरेस्तोवर टोचलं रं मी त्यांना. लेक सासरी निघाली तरी डोळ्यातनं टिपूस नाय काढलं म्हणून."

मुनव्वरने हातातली सीडी काउंटरवर ठेवली.

"पंधरा पावसाळे खाल्ले शेतातल्या सीडीनं. आता लागंल?"

"नाय लागणार, मावशी."

स्टुलावरची आपली पिशवी अक्षदाने उचलली. म्हातारी तिथे बसली.

"पण तू बघितलंस ना? मग सांग. पयल्यापासून सांग."