टीव्हीचा मोतीबिंदू

आता परत सांगू? अहो, कितींदा सांगायचं! कटिंग पाजला म्हणजे काय माणसाचा टेप झाला का, दाबलं बटण की वाजला? कडावच्या काचेचं ऐकायचंय म्हणे... आणि ऐकून झालं की एकमेकांकडं बघून हसायचं, ‘म्हातारा सटकला.’ हसा. पण मधी तोंड घालायचं नाय. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी भुतंखेतं मानत नाय. मी काच काढायला गेलतो. बास.

तर कडावचा मालोजी. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. त्याचा तो लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही मी एकदाच दुरुस्त केलता, तरणा होतो तेव्हा. दोन वर्षांनी पडद्यावर कडंनं पांढरे डाग आले, बुरशीवानी. आता त्या जुन्या नळीच्या, म्हंजे पिक्चर ट्यूबच्या, तोंडावर एक जादा काच चिकटवलेली असते, नळी फुटली तर घरातल्यांच्या डोळ्यात जायला नको म्हणून. दोन काचांच्या मधी डिंकासारखा थर. तो नासतो. मोतीबिंदू म्हणतो आमी त्याला. नळी ठणठणीत, नासतो तो थर! पण मालोजीला कोण सांगणार? भर लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी धरून वराडला, “ह्या मोरूनं माझी नवी नळी काढून नेली आणि सडकी घातली!” चोर केला मला. चोर! त्या दिसापासनं कडावात कुणी इस्तरीसुद्धा दिली नाय मला दुरुस्तीला. पस्तीस वर्षं! म्हटलं, अरं बाबा, काच काढून दाखवतो, खाली नळी आरशावानी निघंल. तर म्हणे, “हात लावलास तर हात तोडीन.” आणि मेला. झालं!

मग ह्या मे महिन्यात त्याचा पोरगा मनोज आला दहिवलीला, माझ्या दुकानात. त्यानं घरामागं खोल्या बांधल्यात, शनवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, चुलीवरचं खातात, फोटो काढतात. म्हणे, “मोरूकाका, एक पाव्हणी ओटीवर बसलेली, ती इचारती, टीव्हीत कोण अंकल हायत? सारखे माझ्याकडं बघतात.” म्हटलं, “मग बंद कर की टीव्ही.” तर म्हणे, “काका... त्याला वायरच नाय.”

आता काय बोलता? गेलो. भुतासाठी नाय हां! माझ्या नावासाठी. मी काच काढायला गेलतो.

बघतो तर मालोजीच्या बायकोनं, भागूवयनीनं, टीव्हीवर लुगड्याचा तुकडा टाकलेला. म्हटलं, “वयनी, हे काय?” म्हणे, “जेवताना बघतात हो. घास मोजतात.” तुकडा काढला... आणि डाग सगळे मधी सरकलेले. टोपी, कपाळ, ते पोपटाचं नाक... मालोजी! तसाच, ताक पिऊन आल्यासारखा आंबट. डाग हो, डागच! ढगात नाय का हत्ती दिसत? तसं. फक्त हत्ती आपण सरकलो की मान नाय वळवत.

आता हे काम उन्हातच करायचं. नळी पेटीतनं काढायची, मान सांभाळून, कारण पोटात हवा नसते तिच्या, फुटली की बाँब. म्हणून मी मनोजचं हेल्मेट घातलं, अंगावर गोधडी, मे महिन्यात, टळटळीत उन्हात! हसू नका. काच आभाळाकडं करून खळ्यात गोणपाटावर ठेवली, उन्हानं थर मऊ झाला, मग कडंनं कडत पाणी, आणि मासे धरायची तंगूस, ती नायलॉनची बारीक दोरी, दोन काचांच्या मधी घालून मी आणि मनोज दोन्हीकडनं करवतीवानी ओढायला लागलो. सगळा गाव जमलेला. मीच बोलावलता, साक्षीला!

आणि बाराला सगळं गप झालं. कोंबडी नाय, कावळा नाय, नदीवरचा पंप नाय. नुसती तंगूस... कर्र... कर्र... आणि मधीच कुणीतरी खाकरलं. मनोज म्हणे, “काका, तुमी?” म्हटलं, “ओढ रं!” तंगूस टोपीपर्यंत आली आणि अडकली. दोघं ओढतोय, हलंना. बोटात रुतली. काचेत डोळे, ते थेट माझ्या हेल्मेटात. मी आतल्या आत, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हटलं, “मालोजी, पस्तीस वर्षं झाली रं. सोड आता.”

सुटली.

तंगूस टाकून पळावंसं वाटलं, तुमाला सांगतो! पण मी काच काढायला गेलतो. ओढत राह्यलो.

टप्! निघाली. खाली नळी... आरसा! एक डाग नाय. गाव वाकून वाकून बघतोय. कमळ्या, ज्यानं तेव्हा पंगतीत सगळ्यात जास्त दात काढलेले, तो हात जोडून म्हणे, “मोरूदादा, चुकलं आमचं.” मनोज पाया पडला. वयनी रडली, “उगाच आळ घेतला हो तुमच्यावर.” मी हेल्मेट काढलं. रडत नव्हतो, घाम होता तो.

मग म्हटलं, आळ घेणाऱ्यालाबी दाखवू! सुटलेली काच उचलली, डाग सगळे तिच्यावरच राह्यलेले, आणि नळीसमोर उभी धरली, बघ म्हटलं डोळे भरून. आता काच ती, इकडनं तोंड दिसतं तर तिकडनंबी तोंडच दिसणार, बरोबर ना? नाक डाव्याचं उजवीकडं, एवढंच. तर टोपी दिसली... दोन्ही कान दिसले... मान... पाठ! मी काच फिरवली. पाठ. मनोजनं फिरवली. पाठ! कशीबी धरा, गडी पाठमोरा!

गाव चपला टाकून पळाला. एकटी वयनी उभी. पदर खोचला, काचेकडं बघितलं, म्हणे, “जन्माची खोड ही, भावजी. आपलं चुकलं की पाठ करून बसायचं. मी चाळीस वर्षं त्या पाठीशीच बोलले.” आणि काच माझ्याच हातात दिली.

तेव्हापासनं ती माझ्या दुकानात हाय. रोज दुपारी बघतो, वळलाय का. कुठला वळतोय! अख्ख्या कडावनं माफी मागितली हो, सुरतेला गेलेल्यांनी फोनवर मागितली. मागायचा राह्यलाय तो एकटा... मालोजी.